राष्ट्राध्यक्ष अगदी शेवटी येतात

१९९७ मध्ये आरोन सॉर्किन हा पटकथाकार एका दुपारी जेवायला गेला. बोलावणं जॉन वेल्स यांचं होतं. 'ईआर' ही तेव्हा तुफान चाललेली हॉस्पिटलची मालिका त्यांचीच. ओळख होईल, गप्पा होतील आणि आपण घरी येऊ, एवढंच सॉर्किनच्या डोक्यात होतं. पोचला तर टेबलाभोवती वेल्स यांच्याबरोबर एजंट आणि स्टुडिओची माणसंही बसलेली. वेल्स यांनी थेट विचारलं, काय करायचं आहे? सॉर्किनकडे काहीच तयार नव्हतं. मग त्याला आदली रात्र आठवली.

आदल्या रात्री त्याच्या घरी पाहुणे होते. अकिवा गोल्ड्समन हा लेखकमित्र आणि तो, दोघे सिगारेट ओढायला तळघरात उतरले. भिंतीवर सॉर्किननेच लिहिलेल्या 'द अमेरिकन प्रेसिडेंट' या १९९५ च्या सिनेमाचं पोस्टर होतं. गोल्ड्समन म्हणाला, यातली प्रेमकथा काढून टाक आणि आतल्या माणसांवर लिही, झकास मालिका होईल. सॉर्किनने ते मनावर घेतलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सगळे आपल्याकडे पाहताहेत म्हटल्यावर त्याने तेच सांगून टाकलं: व्हाइट हाउसमधल्या वरिष्ठ कर्मचाऱ्यांवर मालिका करायची आहे. वेल्स म्हणाले, ठरलं!

त्या जेवणातून निघालेली मालिका म्हणजे 'द वेस्ट विंग'. पहिला सीझन २२ सप्टेंबर १९९९ ला एनबीसी वाहिनीवर सुरू झाला आणि १७ मे २००० ला संपला. २२ भाग. टीव्हीवरची राजकीय नाट्यं म्हटलं की लोकांना कटकारस्थानं, पाडापाडी, बंद दाराआडचे सौदे आठवतात. या सीझनने उलटी पैज लावली. सरकार चालवणारी माणसं हुशार असतात, मेहनती असतात, त्यांचं आपल्या कामावर प्रेम असतं आणि एवढ्यावरही नाट्य उभं राहतं, अशी ती पैज. ती त्याने जिंकली. आणि कशी जिंकली, याचे किस्से मालिकेइतकेच रंगतदार आहेत.

दोन वर्षांचा खोळंबा

ठरलं खरं, पण लगेच काही झालं नाही. पहिल्या भागाचं लिखाण झालं आणि जानेवारी १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचं मोनिका लुइन्स्की प्रकरण फुटलं. अमेरिकेत रात्रीच्या प्रत्येक कार्यक्रमात व्हाइट हाउसची थट्टा चाललेली. अशा वेळी तिथल्या कर्मचाऱ्यांकडे आदराने पाहणारी मालिका दाखवायची कुणाची छाती? संहिता बाजूला पडून राहिली. वाहिनीत माणसं बदलली, वातावरण निवळलं, तेव्हा कुठे तिला मुहूर्त मिळाला.

दरम्यान सॉर्किन रिकामा बसला नव्हता. एबीसी वाहिनीवर त्याची 'स्पोर्ट्स नाइट' सुरू झाली होती. १९९९–२००० च्या हंगामात तो दोन वाहिन्यांवरच्या दोन मालिका एकाच वेळी लिहीत होता आणि 'वेस्ट विंग'च्या पहिल्या सीझनच्या जवळजवळ प्रत्येक भागाच्या लेखनात त्याचं नाव आहे. संवाद इतक्या वेगाने का पळतात, याचं एक उत्तर कदाचित इथेच असेल. लिहिणाऱ्याला थांबायला वेळ नव्हता.

ज्याच्यासाठी सगळं, तोच पाहुणा

पहिला भाग पाहा. सुरुवातीला मुख्य अधिकारी लिओ मॅकगॅरी घरी शब्दकोडं सोडवतोय आणि गडाफींच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय म्हणून वर्तमानपत्राला फोन लावतोय. माध्यमसचिव सीजे जिममध्ये ट्रेडमिलवर पळतेय, पेजर वाजतो आणि ती धाडकन पडते. त्यांचा सहकारी जॉश रात्रभर काम करून टेबलावरच झोपलाय. दुसरा सहकारी टोबी विमानात लॅपटॉप बंद करण्यावरून हुज्जत घालतोय. भाषणं लिहिणारा सॅम एका अनोळखी मुलीच्या घरी आहे. सगळ्यांना निरोप एकच: राष्ट्राध्यक्षांची सायकल झाडावर आदळली.

आणि हे राष्ट्राध्यक्ष आपल्याला दिसतात कधी? भागाच्या अगदी शेवटच्या मिनिटांत. धर्मगुरूंची मंडळी दहा आज्ञांपैकी पहिली कोणती यावर घोळ घालत असतात, तेवढ्यात दारातून एक आवाज ती आज्ञा खणखणीत म्हणून दाखवतो. टीव्हीच्या इतिहासात इतक्या उशिरा आणि इतक्या रुबाबात झालेला प्रवेश मला दुसरा आठवत नाही.

गंमत म्हणजे मूळ बेतात राष्ट्राध्यक्ष फारसे दिसणारच नव्हते. मालिका होती कर्मचाऱ्यांची. साहेब क्वचित येतील, पाठमोरे जातील, असा विचार होता. सिडनी पॉटिए, जेसन रॉबर्ड्स अशा दिग्गजांची नावं या भूमिकेसाठी चर्चेत होती. मार्टिन शीनशी करार झाला तोही मोजक्या भागांपुरता. पण पहिल्या भागातला तो प्रवेश पाहिल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की हा माणूस खोलीत आला की नजर दुसरीकडे वळत नाही. पाहुणा घरचा झाला, तो सात सीझन.

तरी मूळ कल्पना मोडली नाही, हे या सीझनचं मोठं यश. कथा कायम त्या भोवतालच्या माणसांचीच राहिली: भाषण लिहिणारा, मतं मोजणारी, फायली नेणारा, भेटीच्या वेळा सांभाळणारी म्हातारी सेक्रेटरी. खुर्चीवरचा माणूस थोर ठरतो तो त्यांच्या नजरेतून.

शीन यांचा कोट

राष्ट्राध्यक्ष जोसाया बार्टलेट कोट घालतात तेव्हा नीट बघा. ते तो समोर धरतात आणि डोक्यावरून झोका देऊन पाठीवर टाकतात. बघणाऱ्याला वाटतं, काय ऐट आहे! कारण वेगळंच आहे. जन्माच्या वेळी चिमटा लावावा लागला आणि शीन यांचा डावा खांदा कायमचा दुखावला. तो हात नेहमीसारखा मागे-वर जात नाही, म्हणून त्यांनी स्वतःची ही पद्धत बसवली. तीच पुढे पात्राची ओळख झाली.

शीन यांचं पाळण्यातलं नाव रामोन एस्तेवेझ. व्हाइट हाउस त्यांना नवं नव्हतं. १९७४ मध्ये क्यूबाच्या क्षेपणास्त्र पेचावरच्या टीव्ही-नाट्यात ते रॉबर्ट केनेडी झाले, १९८३ मध्ये 'केनेडी' या मालिकेत जॉन केनेडी, आणि 'द अमेरिकन प्रेसिडेंट'मध्ये राष्ट्राध्यक्षांचे मुख्य अधिकारी. म्हणजे भाऊ, थोरला भाऊ, मुख्य अधिकारी आणि शेवटी बार्टलेट, अशी रीतसर बढती.

आपल्याकडच्या प्रेक्षकांनी मात्र त्यांना त्याआधीच पाहिलं होतं. रिचर्ड अ‍ॅटनबरोंच्या 'गांधी'मध्ये (१९८२) धरासणाच्या मिठागरावर सत्याग्रही ओळीने पुढे जातात, लाठ्या खातात, पडतात, आणि एक अमेरिकी वार्ताहर फोनवरून ती बातमी जगाला सांगतो. तो वार्ताहर म्हणजे मार्टिन शीन. याच सिनेमात कस्तुरबा होत्या आपल्या रोहिणी हट्टंगडी, ज्यांना त्या कामासाठी बाफ्टा मिळालं. शीन यांनी या सिनेमाचं मानधन दान केलं. पुढे अण्वस्त्रविरोधी आणि युद्धविरोधी निदर्शनांत त्यांना साठहून अधिक वेळा अटक झाली. पडद्यावर सैन्याचा सरसेनापती आणि रस्त्यावर सत्याग्रही, असा हा माणूस.

भूमिका कुणाला कशी मिळाली

अ‍ॅलिसन जॅनीला सीजेची भूमिका मिळाली ती एका पडण्यामुळे. 'प्रायमरी कलर्स' (१९९८) या सिनेमात ती जिन्यावर अडखळून पडते. छोटासाच प्रसंग, पण सॉर्किनच्या मनात बसला. ही बाई पडतानासुद्धा इतकं काही करू शकते, तर उभी राहून काय करेल! ट्रेडमिलवरचा तो पहिला प्रसंग आता पुन्हा पाहा. सीजेच्या घडणीत डी डी मायर्स यांचाही मोठा वाटा. बिल क्लिंटन यांच्या माध्यमसचिव, आणि त्या पदावरच्या पहिल्याच महिला. त्या मालिकेच्या सल्लागार होत्या.

जॅनी शूटिंगच्या मधल्या वेळात आपल्या व्हॅनमध्ये 'द जॅकल' नावाच्या एका गाण्यावर ओठ हलवत झकास अभिनय करून दाखवायची, मित्रमंडळींसाठी. सॉर्किनने ते पाहिलं आणि थेट १८व्या भागात टाकलं. सीजे ऑफिसात 'द जॅकल' करते आणि सगळे कामं टाकून बघत उभे राहतात. लिहिलेला प्रसंग वाटतच नाही, कारण तो लिहिण्याआधीच घडत होता.

जॉशची सहायक डॉना मॉस हे पात्र किरकोळ होतं. जॅनेल मोलोनी खरं तर सीजेच्या भूमिकेसाठी चाचणी देऊन आली होती. तिला हे छोटं काम मिळालं आणि सुरुवातीला तिने रेस्टॉरंटमधली नोकरीही सोडली नाही, न जाणो पुढच्या भागात बोलावतील की नाही. पण तिची आणि जॉश झालेल्या ब्रॅडली व्हिटफर्डची जुगलबंदी अशी जमली की डॉनाला काढणं अशक्य होऊन बसलं. दुसऱ्या सीझनपासून तिचं नाव मुख्य यादीत.

ड्युले हिल तिसऱ्या भागात येतो. १९९९ च्या त्या हंगामात नव्या मालिकांमध्ये कृष्णवर्णीय चेहरे जवळजवळ नव्हतेच आणि नागरी हक्क संघटनांनी वाहिन्यांवर कडक टीका केली होती. 'वेस्ट विंग'चा पहिला भागही त्यातून सुटला नाही. मग हिलचा चार्ली यंग आला: निरोप्याच्या नोकरीसाठी अर्ज करणारा तरुण, ज्याची पोलिसात असलेली आई कर्तव्यावर मारली गेली आहे. त्याला राष्ट्राध्यक्षांचा खासगी मदतनीस करायचं ठरतं. लिओ सेनादलांच्या प्रमुखाला विचारतो, एका काळ्या पोराने साहेबांच्या बॅगा उचलणं बरं दिसेल का? तो प्रमुख, अ‍ॅडमिरल फिट्झवॉलेस, स्वतः कृष्णवर्णीय. मीही साहेबांच्या दिमतीलाच असतो की, अशा अर्थाचं उत्तर देऊन तो विषय संपवतो. टीकेला दिलेलं यापेक्षा सुंदर उत्तर टीव्हीवर क्वचितच झालं असेल.

आणि कॅथरिन जूस्टन. बार्टलेटची सेक्रेटरी मिसेस लँडिंगहॅम, राष्ट्राध्यक्षांना बिस्किटावरून दटावणारी. जूस्टन शिकागोत मानसोपचार विभागात परिचारिका होत्या. अभिनयाकडे वळल्या बेचाळिसाव्या वर्षी आणि हॉलिवूडला गेल्या पन्नाशी ओलांडल्यावर.

लिओ झालेला जॉन स्पेन्सर मद्यपाशातून बाहेर आलेला होता आणि त्याबद्दल तो मोकळेपणाने बोलायचा. लिओही तसाच. या सीझनमध्ये लिओचा जुना इतिहास चव्हाट्यावर येतो, तेव्हा स्पेन्सर कॅमेऱ्यासमोर अभिनय करतच नसावा, असं सारखं वाटत राहतं.

ओळखीचे आणखी काही चेहरे: राष्ट्राध्यक्षांची मुलगी झोई म्हणजे पुढे 'द हँडमेड्स टेल' गाजवणारी एलिझाबेथ मॉस, तेव्हा विशीही न ओलांडलेली. सॅमची ती अनोळखी मुलगी लॉरी म्हणजे 'हाउस'मधली डॉक्टर कडी, लिसा एडेलस्टीन.

चालता चालता कारभार

दोन माणसं कॉरिडॉरमधून तरातरा चालताहेत, बोलताहेत, वळणावर एक जण गळतो, दुसरा येऊन मिळतो, विषय बदलतो, चाल तीच. दिग्दर्शक थॉमस श्लामी यांनी या पद्धतीला मालिकेची सही बनवलं. गरज साधी होती. सॉर्किनच्या संहितेत फक्त बोलणं. बसून बोलली तर माणसं रटाळ होतील. मग चालवा त्यांना! कॅमेरामन अंगावर स्टेडिकॅम बांधून त्यांच्यापुढे उलटा चालतो आणि दृश्य मध्ये कापायची सोय नाही. एक जण शेवटच्या वाक्यावर अडखळला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्या दारापासून निघायचं. चौथ्या भागाची सुरुवात या कसरतीचा कळस आहे. समारंभातून बाहेर पडणारी मंडळी गाड्यांपर्यंत पोचेस्तोवर कॅमेरा त्यांचा पिच्छा सोडत नाही.

आता खरं वेस्ट विंग. ही इमारत थिओडोर रुझवेल्ट यांनी १९०२ मध्ये बांधून घेतली, ओव्हल ऑफिस १९०९ मध्ये टाफ्ट यांच्या काळात झालं आणि आजच्या जागी ते १९३४ मध्ये आलं. आतली ऑफिसं खरं म्हणजे चिंचोळी आणि शांत. मालिकेतल्या काचेच्या भिंती, लांब मार्गिका, सतत धावणारी माणसं हे बरंचसं बरबँकच्या स्टुडिओत उभारलेलं. आपल्या मनातलं व्हाइट हाउस आता त्या सेटसारखंच दिसतं, यात सेट उभारणाऱ्यांचा विजय आहे.

चीज, लांडगे आणि एक मासा

पाचवा भाग. लिओ सगळ्यांना सांगतो: राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी दोन टनांचा चीजचा ठोकळा व्हाइट हाउसच्या दालनात ठेवला होता, कुणीही भुकेल्याने यावं आणि खावं. त्याची आठवण म्हणून आज आपण एरवी ज्यांना कुणी भेट देत नाही अशा लोकांचं ऐकून घ्यायचं. कर्मचारी कपाळाला हात लावतात.

चीजची गोष्ट खरी आहे. वजन मात्र लिओने वाढवून सांगितलं. न्यूयॉर्क राज्यातल्या थॉमस मीचम या दुग्धव्यावसायिकाने पाठवलेला तो ठोकळा होता सुमारे १,४०० पौंडांचा, म्हणजे ६३५ किलोंच्या आसपास. तो बराच काळ तसाच मुरत पडला आणि २२ फेब्रुवारी १८३७ ला जॅक्सन यांनी लोकांना दरवाजे उघडले. लोकांनी दोनेक तासांत फडशा पाडला. दरवळ मात्र त्यानंतर कितीतरी दिवस गेला नाही.

यावरून खऱ्या व्हाइट हाउसने प्रेरणा घेतली. ओबामांच्या काळात २०१४ ते २०१६ अशी तीन वर्षं 'बिग ब्लॉक ऑफ चीज डे' साजरा झाला. अधिकारी इंटरनेटवर बसून नागरिकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आणि मालिकेतले कलाकारही त्यात सामील झाले. मालिकेने इतिहास उचलला आणि सरकारने मालिका उचलली!

त्याच भागात काही जण लांडग्यांसाठी खास रस्ता मागायला येतात: यलोस्टोनपासून युकॉनपर्यंत १,८०० मैल. सीजेला हसू आवरत नाही. पण त्यांनी सांगितलेली प्लुई नावाची लांडगीण खरोखर होती. १९९१ मध्ये कॅनडात तिच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधला गेला आणि ती एवढ्या अफाट टापूत फिरली, की राखीव जंगलांची बेटं पुरत नाहीत, जनावरांना जोडरस्ते लागतात, हे सगळ्यांना पटलं. यलोस्टोन ते युकॉन जोडणारी संवर्धन मोहीम त्यातूनच उभी राहिली. आणि लांडग्यांची बाजू मांडणाऱ्यांत एक आहे निक ऑफरमन. पुढे 'पार्क्स अँड रिक्रिएशन'मध्ये सरकारी नोकरीत राहून सरकारचा द्वेष करणारा रॉन स्वॉन्सन हाच.

मासा नवव्या भागात येतो. सीजेवर जीव जडलेल्या वार्ताहर डॅनीला कुणीतरी सांगतं, तिला गोल्डफिश आवडतात. तो काचेच्या भांड्यात जिवंत मासा घेऊन हजर! तिला आवडायची ती गोल्डफिश नावाची खारी बिस्किटं. त्या माशाचं, म्हणजे गेलचं, भांडं पुढे सीजेच्या टेबलावरच राहिलं आणि कलाविभागाची माणसं दर वेळी त्या भागाच्या विषयाला साजेशी चिमुकली सजावट त्यात ठेवू लागली. पडद्यावर ते क्षणभरच दिसतं. पॉज करून बघण्यात भारी मजा आहे.

पुढे घडलेलं, आधी दिसलेलं

त्याच नवव्या भागात सर्वोच्च न्यायालयासाठी न्यायाधीश निवडायचा असतो. सगळ्यांना पसंत असलेला उमेदवार सॅम नाकारायला लावतो, कारण त्याला खासगीपणाचा हक्क मान्य नाही. सॅमचं म्हणणं: येत्या वीस वर्षांचा लढा यावरच होणार आहे. इंटरनेट, मोबाइल, लोकांच्या आजारपणाच्या नोंदी. हा भाग दाखवला गेला २४ नोव्हेंबर १९९९ ला. स्मार्टफोन दूर, फेसबुकही जन्मलं नव्हतं. मग निवड होते न्यायमूर्ती मेंडोझा यांची, लॅटिनो समाजातले पहिले. प्रत्यक्षात सोनिया सोटोमायर सर्वोच्च न्यायालयात पोचल्या २००९ मध्ये.

पहिल्याच भागात क्यूबातून तराफ्यांवरून निघालेल्या लोकांचं काय करायचं, हा प्रश्न आहे. दोन महिन्यांनी, नोव्हेंबर १९९९ च्या शेवटी, एलियान गोन्झालेझ हा क्यूबाचा चिमुरडा फ्लोरिडाजवळ समुद्रात सापडला आणि हाच वाद अमेरिकेच्या घराघरात शिरला.

सहावा भाग तर जनगणनेवर आहे. जनगणना डोकी मोजून करावी की नमुना घेऊन, यावर मालिकेचा अख्खा भाग! बायकोच्या निधनानंतर तिच्या जागी काही काळ आलेला ओहायोचा एक शिक्षक-खासदार दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतो आणि मत बदलतो. केवळ मुद्दा पटला म्हणून. टोबी त्याच्याकडे ज्या आदराने पाहतो, त्यासाठी हा भाग पाहावा.

काश्मीर, पण उलटं

५ जानेवारी २००० ला आलेला अकरावा भाग भारतीय प्रेक्षकाला खटकतो आणि खटकायलाच हवा. त्यात भारतीय सैन्य ताबारेषा ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये घुसतं आणि अणुयुद्धाची टांगती तलवार लटकते. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी कारगिलमध्ये घडलं होतं ते याच्या नेमकं उलट: घुसखोरी पाकिस्तानची होती आणि ताबारेषा ओलांडायची नाही, हे बंधन भारताने स्वतःवर घालून घेतलं होतं. ४ जुलै १९९९ ला क्लिंटन यांनी नवाज शरीफ यांना वॉशिंग्टनमध्ये माघारीसाठी सुनावलं, हेही ताजंच होतं. इतक्या अभ्यासू मालिकेने इथे गृहपाठ केला नाही आणि दोन्ही देशांकडे भांडकुदळ पोरांसारखं पाहिलं, याचा मला राग येतो.

तरी ज्याच्यावरून भागाला नाव मिळालं तो लॉर्ड जॉन मार्बरी (रॉजर रीस) धमाल आहे: उपखंडाचा जाणकार, दारूचा शौकीन, लिओच्या डोक्यात जाणारा ब्रिटिश सरदार. भाग दाखवला गेल्यावर अडीच महिन्यांनी खुद्द क्लिंटन भारतात आले, मुंबईतही राहून गेले. खऱ्या घडामोडींनी मालिकेपेक्षा शहाणं वळण घेतलं.

दुपारची मालिका आणि राष्ट्राध्यक्षांचा आजार

सॉर्किनला फक्त एक प्रसंग हवा होता: राष्ट्राध्यक्ष भरदिवसा अंथरुणात पडून टीव्हीवरची दुपारची मालिका बघताहेत. का पडले असतील? आजारी असतील. साधा ताप? मग पत्नी एवढी घाबरलेली का? पत्नी डॉक्टर, तिला काहीतरी ठाऊक आहे. असं करत करत मल्टिपल स्क्लेरोसिस आला आणि राष्ट्राध्यक्षांनी हा आजार मतदारांपासून लपवला, हा पुढच्या सीझनांचा कणा तयार झाला. सगळं एका टीव्ही बघणाऱ्या माणसापायी.

याच १२व्या भागात संसदेसमोरच्या भाषणाच्या रात्री एक मंत्री मुद्दाम मागे ठेवला जातो. सगळं सभागृह उडालं तरी देशाला कुणीतरी उरावं म्हणून. प्रथा खरी आहे. इथे मान मिळतो कृषिमंत्र्याला. बार्टलेट त्याला विचारतात, तुला जिवाभावाचा मित्र आहे? तुझ्याहून हुशार? त्याच्यावर जीव टाकशील? मग तोच तुझा मुख्य अधिकारी. आणि हे लिओ दाराशी उभा राहून ऐकतो.

जुनं बायबल

१४व्या भागात मृत्युदंड थांबवायचा की नाही, यावर बार्टलेट रात्रभर जळतात. सल्ल्याला येतात त्यांच्या लहानपणीचे पाद्री, कार्ल माल्डन. १९५४ च्या 'ऑन द वॉटरफ्रंट'मध्ये पाद्री झालेल्या माल्डन यांनी तेव्हाचंच बायबल इथे हातात धरलं. पडद्यावरची ही त्यांची शेवटची भूमिका. तेव्हा अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९६३ पासून एकालाही फाशी दिलेली नव्हती. पुढची शिक्षा झाली २००१ मध्ये.

दहावा भाग

सीझनमधला सर्वोत्तम भाग हाच आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. नाताळचे दिवस. टोबीने दान केलेल्या कोटात एक बेघर माणूस बाकावर मरून पडलेला सापडतो. हातावरच्या गोंदणावरून टोबी ओळखतो, हा कोरियाच्या युद्धातला सैनिक. त्याच्यासाठी धावणारं कुणी नाही. टोबी राष्ट्राध्यक्षांचं नाव परस्पर वापरून आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत लष्करी इतमामात अंत्यसंस्कार करवतो. असं केलं तर प्रत्येक माजी सैनिक दारात येईल, असं बार्टलेट म्हणतात, तेव्हा टोबीचं उत्तर असतं: तसं व्हावं, हीच माझी आशा आहे. आणि दफनभूमीकडे निघताना मिसेस लँडिंगहॅमही सोबत येतात, ज्यांची जुळी मुलं व्हिएतनाममध्ये गेली.

गोष्टीचं बी सहलेखक रिक क्लीव्हलंड यांच्या घरातलं होतं: त्यांचे वडील कोरियात लढलेले आणि अखेरच्या काळात बेघर झालेले. या लेखनाला एमी मिळालं, पण मंचावर बोलला सॉर्किनच, क्लीव्हलंड यांना संधी मिळाली नाही. पुरस्कारांच्या त्या झगमगत्या रात्रीतली ही एक सल.

एरवी ती रात्र मालिकेचीच होती. सप्टेंबर २००० मध्ये पहिल्या सीझनने नऊ एमी जिंकले, तेव्हा एका सीझनसाठीचा तो विक्रम होता: सर्वोत्तम नाट्य, श्लामी यांचं दिग्दर्शन, टोबी झालेला रिचर्ड शिफ, अ‍ॅलिसन जॅनी, स्नफी वॉल्डन यांचं शीर्षकसंगीत…

शेवटच्या गोळ्या

२२व्या भागात रॉसलिनच्या एका सभागृहातून मंडळी बाहेर पडतात आणि गोळीबार होतो. कुणाला लागलं, हे न सांगता सीझन संपतो. प्रेक्षक ४ ऑक्टोबरपर्यंत टांगलेले. या भागाचं शीर्षक 'व्हॉट काइंड ऑफ डे हॅज इट बीन' सॉर्किनचं इतकं लाडकं, की 'स्पोर्ट्स नाइट'च्या पहिल्या सीझनचा शेवट, 'स्टुडिओ ६०'चा शेवट आणि 'द न्यूजरूम'चा शेवट, सगळ्यांना त्याने तेच नाव दिलं.

गोळीबारानंतर एक व्यक्ती मात्र पुन्हा दिसलीच नाही: मँडी, म्हणजे मॉयरा केली. पहिल्या भागापासून श्रेयनामावलीत असलेली माध्यम-सल्लागार दुसऱ्या सीझनमध्ये नाही आणि तिचा साधा उल्लेखही कुणी करत नाही. चाहत्यांनी मग 'मँडीव्हिल' नावाचं गावच वसवलं, मालिकेतून न सांगता गायब झालेली पात्रं जिथे राहायला जातात ते. पात्र जमलं नव्हतं हे कबूल, पण निरोपाचं एक वाक्य तिला मिळायला हवं होतं.

मालिका संपून दशक होत आलं असताना, मार्च २०१६ मध्ये, भारतीय वंशाचे संगीतकार हृषिकेश हिरवे आणि मालिकेतलाच नट जोशुआ मलिना यांनी एकेका भागावर पॉडकास्ट सुरू केलं आणि जानेवारी २०२० पर्यंत सगळे भाग उलगडले. पहिल्यांदा पाहणार असाल, तर आधी पॉडकास्ट ऐकू नका, रहस्यं फुटतील. पहिल्या भागाच्या वेगाने दमलात तर पाचवा लावा, मग दहावा, मग मागे या. आणि बाविसावा रात्री उशिरा अजिबात लावू नका. कुणाला लागलं ते दुसऱ्या सीझनच्या पहिल्या दोन भागांत कळतं आणि ते दोन्ही पाहिल्याशिवाय झोप येत नाही.